फाटकाबाहेरचा टँकर

पहाटे ४.३०
इस्नापूर. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, पटनचेरूच्या अलीकडची कामगारांची वस्ती. एका मजल्यावर आठ खोल्या, आठ खोल्यांना दोन संडास. खोलीभाडं ३,८०० रुपये, विजेचं वेगळं. आज दिवसभर मी ज्या नवरा-बायकोसोबत आहे, त्या दादा-वहिनींची खोली यातलीच. वहिनी उठल्यात, तवा चढलाय. ज्वारीचं पीठ गावाकडून येतं, नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातून. इथल्या दुकानातली ज्वारी त्यांना पटत नाही. थापताना भाकरी तुटते म्हणतात.

दादा वीस लिटरचा कॅन घेऊन पाण्याला निघतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, चाल भरभर. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत पाणी गाळायचं यंत्र आहे. वर निळी पाटी. पाटीवर एका औषध कंपनीचं नाव आणि खाली लिहिलेलं, ‘सामाजिक दायित्व निधीतून’. कार्ड टेकवलं की वीस लिटर पडतात, पाच रुपये कापले जातात. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं. ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे, असं ते कलम. त्यातून अशी यंत्रं गावोगावी बसली.

खोल्यांना बोअरचं पाणी चोवीस तास आहे. “ते भांड्याला चालतं. पोटाला नाही,” दादा म्हणतात. यापेक्षा जास्त ते बोलत नाहीत. इथल्या विहिरी आणि तळी का नासली, याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९९० मध्ये दाखल झाला. पुढं तो उच्च न्यायालयात गेला, तिथून हरित लवादाकडे. पटनचेरूतले डॉ. किशन राव यांची उमेदीची वर्षं या एका विषयात गेली. पाण्याचा कॅन आजही विकतच भरावा लागतो.

५.१०
वहिनींची पाळी सहाची. एका औषध कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत, ठेकेदाराकडून. दिवसाला ४९० रुपये, रविवार बिनपगारी. आज त्या घाईत आहेत. ठेकेदाराने काल सगळ्या बायकांना बजावलंय. नखं कापून या, बांगड्या नकोत, केस टोपीच्या आत.

“आज आडिट हाय. गोरे यायलेत म्हणं,” त्या डबा बांधता बांधता सांगतात. दोन डबे. दादांच्यात तीन भाकरी, पिठलं, कांदा. त्यांच्या स्वतःच्यात दोन. “आमाला शिकवलंय काय बोलायचं ते. पगार येळेवर. सुट्टी मिळती. जबरदस्ती न्हाई.”

मी विचारलं, यात खोटं काय आहे? त्यांनी थोडा विचार केला. “खोटं न्हाई. पर त्यांनी विचारलं तेवढंच सांगायचं हाय.”

५.४५
मुत्तंगीजवळचा टँकरचा अड्डा. दादा टँकर चालवतात, पाण्याचा नव्हे, कारखान्यातून निघणाऱ्या सांडपाण्याचा. टाकी दहा हजार लिटरची, आतून रबरी अस्तर. अस्तर फाटलं तर आम्ल पत्रा खातं. म्हणून रोज सकाळी टाकीच्या पोटाखाली आडवं होऊन बॅटरी मारायची, ओल दिसते का बघायची. मग व्हॉल्व्ह. मग पाइपाची टोकं, क्लॅम्प, गॅस्केट. केबिनमागच्या पेटीत पाने, दोरी, चुन्याचं अर्धं पोतं, वाळूची बादली. सांडलं तर आधी वाळू टाकायची, मग चुना.

क्लीनर ओडिशाचा आहे, वीस-बावीस वर्षांचा. तो दादांना ‘उस्ताद’ म्हणतो. दोघं हिंदीत बोलतात, हैदराबादी वळणाच्या. ‘हौ’ आणि ‘नक्को’ दोघांच्याही तोंडात बसलंय.

पगाराचं असं आहे. दादांना महिन्याला १९,५०० रुपये. त्यावर खाली केलेल्या फेरीमागे १५० रुपये भत्ता. क्लीनरला १२,००० आणि फेरीमागे ५०. दिवसाला तीन फेऱ्या झाल्या तर दिवस चांगला. चार झाल्या तर फारच चांगला. महिन्याचं भाडं आणि पाणी भत्त्यातून निघतं. पगार गावी जातो. तिकडं मोठी मुलगी डी.एड. करतेय, धाकटा दहावीला आहे.

डिझेल मालक भरतो. हातमोजे दादा स्वतः घेतात. मालकाने दिलेले पातळ असतात, चार दिवसांत बोटाला फाटतात. जाड रबरी जोडी २२० रुपयांना येते, महिना काढते.

७.००
पाशमैलारमच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाला चहा. कप पंधरा रुपये. टपरीवर निम्मे लोक ओडिया बोलतात, काही भोजपुरी, काही तेलुगू. एका बाकावर उदगीरकडचे दोघं भेटले. दादांचं मराठी ऐकून सरकून बसले. जहीराबादवरून बिदर, बिदरवरून उदगीर. रस्ता सरळ आहे, गावं कोरडी आहेत. माणसं येत राहतात.

याच वसाहतीत ३० जून २०२५ ला सकाळी सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला. गोळी बांधायला जी पांढरी पावडर लागते ती तिथं बनायची. ती देशात आणि परदेशात दोन्हीकडे जायची. चाळीसहून जास्त कामगार गेले. त्यांतले पुष्कळ परराज्यांतले होते. टपरीवाला त्या दिवसाबद्दल विचारलं की ग्लास विसळायला लागतो. दादा एवढंच म्हणाले, “तवापासून ही आदी मागचं दार कुठं हाय ते बगून ठिवती.” ही म्हणजे वहिनी.

७.५०
कारखान्याचं फाटक. मला आत परवानगी नाही. मी समोरच्या झाडाखाली. वहिनी ज्या कारखान्यात आहेत तोच हा. दादांच्या टँकरचा ठेकाही इथलाच. त्या आत पुढच्या इमारतीत, दादा मागच्या बाजूला.

फाटकाचा आज नूर वेगळा आहे. दोन्ही बाजूंना ताज्या चुन्याच्या रेषा. कुंड्यांना गेरू लावलेला, अजून ओला. सुरक्षा रक्षकांच्या शर्टाला इस्त्रीच्या घड्या. तक्रारपेटी नवी, कुलूपही नवं. एरवी दादा चपलेवर आत जातात. आज फाटकावर बूट दिले, हेल्मेट, चष्मा, अंगात घालायचं पिवळं जाकीट. बूट आठ नंबरचे. दादांचा पाय नऊचा.

या तपासण्यांमागे कोण आहे, ते इथल्या पर्यवेक्षकांना तोंडपाठ असतं. जगातल्या बड्या औषध कंपन्यांनी २००६ मध्ये आपल्या पुरवठादारांसाठी एक संघटना काढली. फार्मास्युटिकल सप्लाय चेन इनिशिएटिव्ह तिचं नाव. नीतिमत्ता, कामगार, आरोग्य आणि सुरक्षा, पर्यावरण या सगळ्यांची एक प्रश्नावली. एकाने तपासलं की तो अहवाल दुसऱ्या खरेदीदारालाही वापरता येतो. जर्मनीत २०२३ पासून कायदाच आहे. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठा साखळीत माणसांवर अन्याय होतो का, हे स्वतः बघायचं. म्हणून तपासनीस इथवर येतात. हे चांगलंच आहे. याआधी कुणी येत नव्हतं.

८.४०
टँकर मागच्या बाजूला लागलाय. दादांनी नंतर सांगितलं ते असं. सांडपाण्याची टाकी सकाळी काठोकाठ होती. पाहुणे अकराच्या सुमारास तिकडं येणार. त्याआधी टाकी खाली दिसली पाहिजे, असा वरून निरोप. म्हणून आज पहिला नंबर आपला.

पाइप चार इंची, भरलेला असला की दोघांना उचलवत नाही. क्लीनर खांद्यावर घेतो. दादा तोंड टाकीच्या झाकणात बसवतात, क्लॅम्प आवळतात, हात वर करतात. पंप सुरू. पाइप आधी फुरफुरतो, मग जड होतो. वास येतो. सॉल्व्हंटचा गोडसर वास, त्याखाली काहीतरी जळकं. मास्क आज आहे, निळा, कापडी. धूळ अडवतो. वास अडवत नाही.

पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ झाकणाशी उभं राहायचं. टाकी किती भरली ते आवाजावरून कळतं. पोकळ आवाज बारीक होत जातो. चार बोटं जागा ठेवून हात खाली. पंप बंद.

मग कागद. चलनाच्या रंगीत प्रती, प्रत्येकीवर किती लिटर, कुठून, कुठं, गाडीचा नंबर, दादांची सही. दादा मराठीत सही करतात. इथं कुणी हरकत घेतलेली नाही.

९.३०
रस्ता. सामायिक शुद्धीकरण केंद्र इथून फार लांब नाही, पण भरल्या टँकरला वेग नाही. दहा हजार लिटर पाणी वळणावर स्वतःच्या मनाने हलतं. दादा वळणाच्या आधीच गिअर उतरवतात. ब्रेक कमी, इंजिनावर जास्त.

काचेवर जी.पी.एस.चा डबा आहे, हिरवा दिवा लुकलुकतो. गाडी कुठं थांबली, किती वेळ थांबली, सगळं कुठल्याशा पडद्यावर दिसतं.

“पयले लोक सोडायचे,” दादा आपणहून म्हणतात. “राती. नाल्याला पाइप लावायचा आन् धा मिनिटांत मोकळं. पावसाळ्यात तर लईच. आता कॅमेरे हायत, ह्यो डबा हाय.”

तुम्ही?

“मी न्हाई.” गिअर बदलला. “लायसन जाईल ते एक. आन् दुसरं, हितला नक्कावागू मांजरेला मिळतो. आमचं गाव मांजरेच्या काठाला हाय.”

नकाशा बघितला तर दादांचं खरं आहे. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बालाघाटात उगम पावते. लातूर, बिदर करत तेलंगणात उतरते. पटनचेरूकडून येणारा नक्कावागू हा ओढा तिला मिळतो. मग निजामसागर. तिथून नदी पुन्हा महाराष्ट्राच्या हद्दीला येते, देगलूर-बिलोलीची शीव धरून वाहते आणि कंदकुर्तीला गोदावरीत शिरते. इथं जे नाल्यात पडतं, ते निघालेलं असतं दादांच्या गावाच्याच दिशेने.

१०.१५
केंद्राबाहेरची रांग. पुढे सात टँकर. रांगेत इंजिन बंद करायचं, पत्रा तापायच्या आत केबिनमधून उतरायचं. क्लीनर टायरला टेकून झोपतो.

नंबर आला की एक माणूस लांब दांड्याच्या भांड्याने वरून नमुना काढतो, बाटलीत भरतो, बाटलीवर गाडीचा नंबर. बाटली आत जाते. आम्लता बघतात, क्षार बघतात, पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागेल ते बघतात. आकड्यांवर दर ठरतो. कारखान्याने लिटरमागे किती द्यायचे ते. मर्यादेत बसलं तर शिक्का, नाहीतर गाडी परत.

अशा केंद्रांवर जगाचं लक्ष गेलं ते २००७ साली. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि सहकारी इथं आले होते. त्यांनी पटनचेरू एन्व्हायरो टेक या १९९४ पासून चालणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी तपासलं. नव्वदच्या आसपास औषध कारखान्यांचं सांडपाणी तिथं यायचं. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडलं, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. हे प्रमाण औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. त्यांनी हिशेब मांडला. दिवसाला सुमारे ४५ किलो औषध एकट्या या पाण्यातून वाहत होतं. तेव्हाच्या नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढं.

ज्या देशांच्या औषधांच्या दुकानात इथला माल जातो, त्यांतल्याच एका देशातल्या माणसांनी येऊन हे मोजलं. पुढं अठरा किलोमीटर नळ टाकून ते पाणी हैदराबादेतल्या अंबरपेटकडे जाणाऱ्या शहराच्या गटाराला जोडलं. नक्कावागूवरचा भार त्याने हलका झाला, आणि पाणी मुसी नदीच्या बाजूला वळलं. जंतूंना औषधाची सवय व्हायला पाणी कुठल्या नदीतलं आहे याने फरक पडत नाही. सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत, याची मर्यादा घालणारा मसुदा भारत सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्यातून ती मर्यादा गेलेली होती. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. नियम लिहिला गेला होता. आकडे ठरले होते. मग ते गळले.

बाटलीचा निकाल येतो. पास. टँकर आत जातो, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी कुंडीत कोसळतं.

१२.२०
जेवण. टँकरच्या सावलीत पोतं टाकून. हात धुवायला घरचा कॅन, केंद्राच्या नळाला दोघं हात लावत नाहीत. आधी साबण, मग माती, परत साबण. दादांच्या बोटांच्या कातडीची सालपटं निघालेली आहेत. रात्री खोबरेल लावतात.

क्लीनरच्या पोटरीला पांढरा वण आहे, रुपयाएवढा. गेल्या पावसाळ्यात फोड आला, बरा होईना. डॉक्टरने तीनदा गोळ्या बदलल्या. तिसऱ्या गोळ्यांनी उतरला. १,६५० रुपये लागले, चार दिवसांची मजुरी गेली. तो म्हणतो, इथं अशा फोडाला वेळ लागतोच. कशाने लागतो, ते कुणी त्याला सांगितलेलं नाही.

तीन भाकऱ्यांतली एक दादा क्लीनरला देतात. तो पिठलं बोटाने चाखतो आणि मान हलवतो. आता त्याला आवडतं.

१.१५
पुन्हा फाटक. आत दोन पांढऱ्या गाड्या उभ्या. पाहुणे जेवायला बसलेत. टाकी पुन्हा भरत आलीय, कारण आज सगळ्या भट्ट्या चालू ठेवल्यात. पाहुण्यांना कारखाना चालू दिसला पाहिजे.

पाणी टाकीत आल्यावर त्यात चुना घालायचा असतो, ढवळायचं असतं, आम्ल मरेपर्यंत थांबायचं असतं. त्याला वेळ लागतो. आज वेळ नाही. पर्यवेक्षक घड्याळ दाखवतो. जल्दी भरो, जल्दी निकालो. दादांनी विचारलं, चुना झाला का? हौ हौ, झाला.

वीस मिनिटांत भरून बाहेर.

२.३५
बाटली परत आली. चलनावर तांबडा शिक्का. सामू (पीएच) ४.१. केंद्र ५.५ च्या खालचं पाणी घेत नाही. त्याखालच्या आम्ल पाण्याने कुंडीतले घाण खाणारे जंतू मरतात, सगळं केंद्र बंद पडतं. केंद्राचं बरोबर आहे.

दादा शिक्का बघतात. काही बोलत नाहीत. टँकर वळवतात. वळवायलाच चार खेपा मागेपुढे.

२.५०
रस्त्यातच फोन. कारखान्यातून. दादा स्पीकरवर ठेवतात. आवाज हळू आहे, माणूस कुठंतरी कोपऱ्यात जाऊन बोलतोय. गाडी आत आणू नका. पाहुणे मागच्या बाजूला आलेत. परत आलेली गाडी दिसली तर शंभर प्रश्न. कुठंतरी लावा. मी सांगतो तेव्हा या.

कुठं लावू? भरलेली हाय.

कुठंही.

३.०५
कुठंही म्हणजे बंद पडलेल्या एका शेडच्या भिंतीमागे. कारखाना इथून एक किलोमीटर. दादा इंजिन बंद करतात, चाकांना दगड लावतात, व्हॉल्व्हखाली बादली ठेवतात. थेंब पडतो का बघतात. पडत नाही.

दहा हजार लिटर आम्ल पाणी उन्हात. नोव्हेंबरचं ऊन, म्हणून बरं. मे महिन्यात टाकीच्या झाकणातून वाफ येते, मग केबिनमध्ये बसवत नाही.

आता काही करायचं नाही. हेच सगळ्यात जड काम आहे. दादा बिडी ओढत नाहीत, गाडीजवळ चालत नाही. चहाला जाता येत नाही, गाडी सोडता येत नाही. क्लीनर जाऊन दोन चहा आणि पाव आणतो. पन्नास रुपये. खिशातले.

रस्त्याने एक कंटेनर जातो. निळा, मागच्या दाराला सील. सनथनगरच्या कंटेनर डेपोकडे, तिथून रेल्वेने न्हावाशेवा, तिथून बोट. आत ड्रम असतील, पंचवीस पंचवीस किलोचे. वहिनी भरतात तसे. त्या ड्रमावर नंबर असतो. नंबरावरून सगळं कळतं. कच्चा माल कुठला, कुठल्या भट्टीत शिजला, कुठल्या पाळीला भरला, वजन किती, तपासलं कुणी. हांबुर्गला एका ड्रमात काही कमी-जास्त निघालं, तर इथं फोन येतो आणि त्या रात्रीच्या पाळीचा माणूस उठवला जातो. ही शिस्त मी बघितलेली आहे. ती खरी आहे, आणि तिच्यामुळेच गोळी खाणारा माणूस सुखरूप राहतो.

त्याच भट्टीतून निघालेलं पाणी भिंतीमागे उभं आहे. त्याचाही कागद आहे. तांबडा शिक्का आहे, आकडा आहे, वेळ आहे. जी.पी.एस.च्या पडद्यावर हिरवा ठिपका एका जागी थांबलेला दिसत असणार. कागद कमी नाहीत. आत बसलेल्या पाहुण्यांनी एकच गोष्ट मागायला हवी होती. आज परत आलेल्या गाड्यांची चलनं दाखवा. ती प्रश्नावलीत नसेल, तर ती घालायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. कारखान्यातून बाहेर पाठवलेल्या पाण्याचीही जबाबदारी कारखान्याचीच, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही.

४.३०
दादा केबिनमध्ये बसून मुलाशी बोलतात. दहावीचा सराव पेपर कसा गेला. भूमितीत प्रमेय राहिलं. “राहू दे, पुढच्याला कर.” फोन ठेवल्यावर म्हणतात, “बोर्डाचा फॉर्म भरलाय. पैसे परवा धाडले.”

एक मोटारसायकल येते, थांबते. ओळखीचा माणूस नाही. भरलेली का? दादा मान हलवतात. तो रस्त्यापलीकडच्या नाल्याकडे बघतो, मग दादांकडे. बोटं दाखवतो, तीन. तीन हजार. दादा काच वर करतात. तो निघून जातो. क्लीनर बराच वेळ त्या दिशेने बघत राहतो. तीन हजार म्हणजे त्याचा पाव पगार.

५.५५
अंधार पडायला लागला. डास. फोन नाही. दादांनी दोनदा केला, उचलला नाही.

६.२५
पांढऱ्या गाड्या मोठ्या रस्त्याला लागताना दिसल्या. शमशाबाद विमानतळाकडे जात असतील. पाच मिनिटांनी फोन. आता आणा.

६.४५
फाटक. सकाळचे बूट, हेल्मेट, जाकीट परत घेतले होते. आता दादा चपलेवरच आत जातात. पाणी उलट्या पाइपाने टाकीत सोडायचं. पर्यवेक्षक थकलेला आहे, पण खूश आहे. तपासणी चांगली झाली. दोनच शेरे. एक अग्निशामकाच्या नळकांड्यावरची तारीख, दुसरा शौचालयातली साबणदाणी. तो दादांना म्हणाला, उद्या हीच गाडी पहिली लावू. चुना रात्री घालतो, नीट.

त्याच्यावर राग धरावा असं मला वाटलं नाही. त्याची नोकरी शेऱ्यांच्या संख्येवर आहे.

७.४०
अड्ड्यावर टाकी धुणं. शंभर लिटर पाणी, सोडा, लांब दांड्याचा ब्रश. अस्तराला पुन्हा बॅटरी. क्लीनर आत उतरत नाही. उतरायचं नाही, हा दादांचा नियम आहे. आतल्या वाफेने माणसं मेलेली त्यांनी ऐकलंय.

८.३०
खोली. वहिनी अडीचलाच आल्यात. भात, वरण, मिरचीचा ठेचा. त्या आपणहून सांगायला लागतात.

बाई होती, गोरी, वयस्कर. दुभाष्या तेलुगू. बाई इंग्रजीत विचारायची, तो तेलुगूत. वहिनींना तेलुगू निम्मंच कळतं. मग त्यांनी हिंदीत सांगितलं, त्याने ते इंग्रजी केलं. पगार वेळेवर मिळतो का? मिळतो. जादा तास? कधी कधी. बाईने हातमोजे बघितले, काढायला लावले, हात उलटसुलट करून बघितले. “माझे हात बगून ती काईतरी लिवली. काय लिवली म्हाईत न्हाई. पर बगितली. आमच्या ठेकेदारानं कंदी बगितले न्हाईत.”

आणखी एक त्या सांगतात, आणि ते लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी अशीच तपासणी झाली होती. त्यानंतर ठेकेदाराने सगळ्या बायकांची ई.एस.आय.ची कार्डं काढली. पी.एफ. कापायला लागला. कपडे बदलायला खोली मिळाली. त्याआधी ड्रमांच्या आडोशाला बदलायच्या. “आडिट न्हाई म्हणून नगा. येऊ द्या त्यास्नी. रोज आले तरी चालतंय.”

नवे हातमोजे मात्र पाळी सुटताना मोजून परत घेतले.

तुमचा टँकर कुठं होता, त्यांनी दादांना विचारलं. भिंतीमागं, दादा म्हणाले. मग दोघांनी भात संपवला.

९.१५
दादा वही काढतात. जुनी डायरी, २०१९ ची. मालकाचा हिशेब आणि आपला हिशेब महिन्याअखेर जुळत नाही, म्हणून रोज लिहितात. तारीख. गाडी. पहिली फेरी, पास, १५०. दुसरी फेरी, परत. तिच्यापुढे रेघ. चहा-पाव ५०. हातमोजे या महिन्याचे २२०, आधीच लिहिलेले. पाणी ५.

परत आलेल्या फेरीला मालक भत्ता देत नाही. कारखाना मालकाला देत नाही. भिंतीमागे उभं राहण्यात गेलेले जवळजवळ साडेतीन तास कुणाच्याच हिशेबात येत नाहीत, आणि पाहुण्यांच्या अहवालातही येणार नाहीत.